ताटावर आडवा हात

बाबा, तुमचा नातू दिवसभर खातो. तुम्ही असता तर हे ऐकून हात पुसत हसला असता आणि म्हणाला असता, "मंग खाऊ दे ना माय, खाणारं लेकरू बरं राह्यते." म्हणून आधीच सांगते, ही कौतुकानं सांगायची गोष्ट नाही. त्याला तिसरं लागलं आहे. सकाळी उठल्या उठल्या दूध, त्यात कुस्करलेली भाकरी, आणि ती संपते न संपते तोच तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो, डब्यांकडे बोट करतो आणि म्हणतो, "दे." एक बिस्किट दिलं की दुसऱ्या हातासाठी दुसरं. केळं दिलं की साल हातात धरूनच पुढचं. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारी नेलं, तर हा बायकांसमोर जाऊन एकेकीच्या वाटीत बघत उभा. एक जण म्हणाली, "काऊन वं, घरी देत नाई का याले?" सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. त्याच आठवड्यात त्यानं घरी तिळाच्या पोळ्या इतक्या खाल्ल्या की सगळं ओकला. मी त्याचं तोंड धुतलं, कपडे बदलले, उचलून घेतलं, तर माझ्या खांद्यावरून मान वळवून तो पोळ्यांच्या डब्याकडे बघत म्हणाला, "दे." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ओकलेलं लेकरू लगेच खायला मागतं, म्हणजे ही भूक तरी कसली?

तुम्ही गेलात तेव्हा आपण आंध्रात होतो. आता राज्य वेगळं झालं, आणि राज्य झाल्यावर दोनेक वर्षांनी दसऱ्याला आपल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. तुमच्या वेळी बासरपासून मंचेरियलपर्यंत सगळा एकच जिल्हा होता. कुणाची कोर्टात पेशी असो, दाखला असो, जमिनीचं काही असो, सगळ्यांना आदिलाबादलाच यावं लागायचं, आणि त्यावरच तर आपली खानावळ चालायची. आता ज्याचा त्याचा कलेक्टर ज्याच्या त्याच्या गावी. तुमचे जावई महसुलात आहेत, म्हणून नवे जिल्हे झाले तसे ते मंचेरियलला गेले. ऑर्डर आली आणि दोन दिवसांत बॅग भरली. मी इथं, आदिलाबादला लागून मावल्याला, सासूबाई आणि लेकरू घेऊन राहिले, कारण माझी शाळा इथं आहे. मराठी शाळा, पोरं कमी कमी होत चाललेली, पण आहे. लेकराचं हे खाणं आधीपासून होतं की बाप मंचेरियलला गेल्यावर वाढलं, हे मला नक्की सांगता येत नाही. बाप घरी असताना तो संध्याकाळी फाटकाशी उभा राहायचा, एवढं आठवतं. आता तो सगळा वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभा असतो.

मी शाळेतून येते तेव्हा सासूबाईंचा हात चालूच असतो. जरा कुरकुरला की, "भूक लागली अशीन त्याले." पडला की गूळ-शेंगदाणे. झोपेतून रडत उठला की खीर. मी काही बोलले की म्हणतात, "तू काय नजर लावतं त्याच्या खाण्याले? खात्या-पित्या घरचं पोट्टं हाय." मग मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात, आणि ओवाळून झालं की रडणं थांबावं म्हणून हातात लाडू देतात. मला राग येतो. पण खरं सांगू का, त्यांच्यावर सगळं ढकलता येत नाही. माझा हात त्यांच्यापेक्षा जास्त चालतो. त्याच्या ताटलीचा तळ दिसला की माझा हात आपोआप भांड्याकडे जातो, आणि तो हात मला कुणी दिला हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. सुट्टीत मी खानावळीत वाढायला मदत करायचे. भाकरीची टोपली तुमच्याकडे, वरणाचं भांडं माझ्याकडे. सीमेवरच्या कुठल्या तरी गावचा एक शेतकरी पेशीला आला होता, वाळलेला माणूस, डोक्याचं मुंडासं मांडीवर घेऊन जेवत होता. भाकरीमागून भाकरी, अंबाडीची भाजी, वरण, परत भाकरी. तुम्ही वाढत होता, तो खात होता. माझा हात भरून आला आणि मी सहज विचारलं, "झालं का काका?" त्यानं लगेच ताटावर हात आडवा धरला आणि उठला. तुम्ही सगळ्यांसमोर मला म्हणालात, "जेवणाऱ्याले झालं का म्हून इचारत नाई पोरी. तो लाजते न अर्ध्या पोटानं उठते. आनखी काय देऊ, असं म्हणाव." आणि टोपली तशीच टाकून त्या माणसामागं हात धुवायच्या जागेपर्यंत गेलात, त्याच्या दंडाला धरून आणलंत, परत पाटावर बसवलंत. तो खाली मान घालून आणखी दोन भाकरी जेवला. मी भिंतीकडे तोंड करून रडले. संध्याकाळी तुम्ही मला बाजारात नेऊन हिरव्या बांगड्या घेऊन दिल्या, पण शब्द मागं घेतला नाही, आणि मला वाटतं तुम्ही बरोबरच होता. त्या दिवसापासून मी कुणालाच "झालं का" विचारलेलं नाही. सासरी पहिल्यांदा वाढायला उभी राहिले तेव्हा वाढतच गेले, दिरांनी चेष्टाच केली, "वयनी, आमाले जमिनीवर राहू द्या, फुगून उडून जाऊ आमी."

शेवटी त्याला डॉक्टरकडे नेलं. इथल्याच, गावातल्या, लहान मुलांच्या. बाई तेलुगू, माझ्याशी हिंदीत बोलतात. रक्त तपासलं, लघवी तपासली, गळा चाचपला, आणि ते कागद येईपर्यंत माझं शाळेत लक्ष नव्हतं. फळ्यावर एक लिहायचे आणि तोंडानं दुसरंच बोलायचे. कागद चांगले आले. पण वजन वयाच्या मानानं फारच जास्त, झोपेत घोरतो, जिना चढताना धापा टाकतो. बाई म्हणाल्या, अजून काही महिने बघू, खाण्याचं वळण बदलून फरक पडला नाही तर हैदराबादला मोठ्या तपासण्या कराव्या लागतील. काही मुलांना पोट भरल्याचं कळतच नाही, तसं काही आहे का ते पाहावं लागेल. मग त्यांनी विचारलं, "ये मांगता है, या आप लोग देते हैं?" मी म्हटलं, मागतो. ते खोटं नव्हतं. "ठीक है, रुकता कैसे है? मुंह फेरता है, हाथ हटाता है?" मी आठवत राहिले. तो थांबतो कधी? भांडं रिकामं झालं की. मी दमले की. झोप लागली की. त्यानं स्वतः कधी थांबवलेलं मला आठवेचना.

परत येताना ऑटोत तो माझ्या मांडीवर राजगिऱ्याचा लाडू खात होता आणि मी तुमच्या खानावळीचा विचार करत होते. आपल्याकडचे नियम दोनच होते. वाढणाऱ्यानं थांबायचं नाही, ताटावर हात आडवा येईपर्यंत. आणि जेवणाऱ्यानं ताटात काही टाकायचं नाही, अन्नाचा अपमान होतो. पेशीला आलेल्या भुकेल्या माणसासाठी ते सोन्यासारखे नियम. पण माझ्या घरात एक अडीच वर्षांचं लेकरू बसलं आहे, त्याला हात आडवा धरायचा असतो हे कुणी शिकवलं नाही, आणि ताटलीत पडलेलं संपवायचं हे मात्र रोज शिकवलं. "शाब्बास, सगळं संपवलं!" असं म्हणत आम्ही टाळ्या वाजवतो आणि पुन्हा वाढतो. मला त्या ऑटोत तुमचा राग आला, बाबा. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच.

त्यानंतरच्या सुट्टीत आम्ही मंचेरियलला गेलो. ह्यांची एकच खोली आहे, शेजारी कोळसा खाणीत काम करणाऱ्याचं कुटुंब. त्या बाईला मराठी येत नाही, मला मोडकं तेलुगू येतं, हातवाऱ्यांवर निभतं. दुपारी तिनं आपल्या मुलीबरोबर यालाही जेवायला बसवलं. पप्पू-अन्नम, म्हणजे आपला वरण-भात, वर तूप. दोन छोट्या ताटल्या, आणि तिसरं ताट तिचं स्वतःचं; तीही त्यांच्याबरोबर खाली बसून जेवू लागली. मी दारात उभी. यानं भराभर संपवलं, ताटली बोटानं पुसली आणि वर पाहिलं. वाढायला कुणी नव्हतंच. बाई आपल्या जेवणात. तिची मुलगी अर्धा भात तसाच ठेवून उठली आणि अंगणात पळाली, आणि बाई तिला काही बोलली नाही. आता हा "दे" म्हणणार, परक्याच्या घरात पुन्हा माझी शोभा होणार. यानं रिकाम्या ताटलीकडे पाहिलं, बाईच्या तोंडाकडे पाहिलं, मग अंगणाकडे. आणि उठून पळाला. दिवे लागेपर्यंत दोघं वाळूच्या ढिगात खेळत होती. त्यानं काही मागितलं नाही. मी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "अगं, नवीन जागा, खेळात रमला." असेलही. पण मी त्या खोलीत बसून रडले, आणि कशासाठी ते मलाही नीट कळलं नाही.

घरी आलो तर पुन्हा तेच. दारात उभा, "दे." मी ठरवून एकदा वाढलं आणि भांडं झाकून ठेवलं. त्यानं फरशीवर डोकं आपटलं. सासूबाई देवघरातून धावत आल्या. "उपाशी मारतं काय लेकराले? त्याचा बाप तिकडं एकटा, न तू इकडं त्याचं तोंड बांधून राह्यली?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना डॉक्टरांचं सांगितलं, हैदराबादचं सांगितलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून बाहेर जाऊन बसल्या. तो किती तरी वेळ रडत होता, आणि मी हातात हात अडकवून भिंतीला टेकून उभी होते, कारण हात मोकळे ठेवले असते तर त्यांनी वाढलं असतं. रडून झाल्यावर मी त्याच्याजवळ बसले आणि जे तुम्ही मला विचारू नको म्हणाला होता तेच त्याला विचारलं. "झालं का रे बाळा?" तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. हा प्रश्न त्याला कळलाच नाही.

डॉक्टरबाईंनी नंतर एवढंच सांगितलं, की त्याच्याबरोबर बसून जेवा, तुमचं बघून शिकेल. साधी गोष्ट, पण मी कधी बसलेच नव्हते. मी ओट्याशी उभी राहून उरलेलं खाते, सगळ्यांचं झाल्यावर. आता आम्ही दोघं समोरासमोर बसतो. तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो. मी चावते तसा चावतो. मी ताटात घासभर ठेवून पाणी पिते, हात बाजूला घेते, आणि मला ते पाप केल्यासारखं वाटतं. कधी कधी तोही हात बाजूला घेतो. कधी माझ्याही ताटातलं ओढतो आणि भोकाड पसरतो. पुढच्या महिन्यात वजन करायचं आहे. ते काय निघेल, हैदराबादला जावं लागेल का, मला माहीत नाही. सासूबाई हल्ली त्याला माझ्या समोर काही देत नाहीत, पाठीमागं देतात की नाही ते विचारायची माझी हिंमत नाही.

परवा जेवताना वाटलं, माणूस जेवून तृप्त झाला की कसा दिसतो, ते मी कुणाकडे बघून शिकले? तुमच्याकडून म्हणावं, तर तुम्ही जेवताना आठवेना. तुमचं मनगट आठवतं, खांद्यावरचा पंचा, तव्यापुढं लाल झालेला चेहरा, तुमचा आवाज. खाली बसलेले, समोर ताट, तोंडात घास असे तुम्ही, काही केल्या डोळ्यांसमोर येईना. दादाला फोन केला. म्हटलं, बाबा काय आवडीनं खायचे रे? तो म्हणाला, "थांब, आठवून सांगतो."

त्याचा फोन अजून आलेला नाही. तो येणार नाही हे मला कळून चुकलं आहे, कारण त्याला आठवेल असं काही असतं तर ते मला आधी आठवलं असतं. खानावळीत तुमच्या मागं मागं वरणाचं भांडं घेऊन मीच असायचे. हे पत्र इथंच ठेवते, पाठवायला जागा नाही. तुम्हाला काय आवडायचं ते मला माहीत नाही, बाबा.