दारातल्या चपला

मंजू,

येवल्याला मावशीकडे चालले आहे, उद्या दुपारच्या एसटीने येईन. पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपलीत आहेत. आल्यावर आधी पाय गरम पाण्यात बुडव. तळपायात काच गेली तर सांगावं गं, मला फरशीवरच्या डागावरून कळलं.

काल मी फार बोलले. पेठकडच्या पाड्यांवर माणसांच्या पायात चपला नाहीत, हे शहराला कळावं म्हणून तू महिनाभर अनवाणी फिरतेस, त्याचा मला राग नाही. तुम्ही चपला गोळा करताय त्या पोत्यात टाकायला तू बाबांच्या मागितल्यास, तिथे माझं डोकं फिरलं. बाबा गेल्यावरही त्या दारात ठेवल्या, ते घरात पुरुषमाणूस आहे असं दिसावं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही तेच सांगत आले. आता पुसून पिशवीत भरल्यात, घेऊन जा.

पण माझं एक ऐक. परवा रविवार कारंज्यावरून भाजी घेऊन आले, दारात तुझ्या चपला दिसल्या आणि मी दोघींचा चहा टाकून तुला हाका मारत बसले. बाबांच्या चपला बघून अशा हाका पुष्कळ मारून झाल्या, तेवढ्या पुरे.

तू खुशाल अनवाणी जा. फक्त जाताना तुझ्या चपला आत ठेव, आणि आलीस की दारात आणून ठेव.

आई