तू पुरी केलेली गोधडी

आई,

तू माझी गोधडी पुरी केलीस त्याला आता पंचवीस वर्षं होत आली आणि मला अजून त्याचा राग येतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं सगळे म्हणतात. मी धरलाय. तू असताना बोलायला हवं होतं, पण तू असताना तुझ्यासमोर माझं वाक्य कधी पुरं झालंय? अर्ध्यावर आलं की पुढचं तूच बोलायचीस. आज तू मध्ये बोलू शकत नाहीस, म्हणून सगळं सांगून घेते.

पडवीपासून सांगते. मी नऊ-दहा वर्षांची आहे. भात कधीच घरात आलंय, उन्हाळा चालू आहे, समोर सिद्धगड तापून काळा पडलाय. पडवीत जुनं लुगडं अंथरलंय आणि चार बायका चार बाजूंना बसून शिवतायत. मधोमध तू. तुझी सुई बघत राहावी अशी चालायची. आठ दिवसांत एक गोधडी, ती पण घरचं सगळं सांभाळून. मी हट्ट करून एक कोपरा मागून घेतला. जीभ दातात धरून, एकेक टाका मोजून मी चार ओळी घातल्या. दुपार गेली त्यात. तू पाणी प्यायला उठलीस, माझ्या मागे येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ही काय गो मुंगीची चाल? अशानं गोधडी तुझ्या नातवाला मिळंल." बायका हसल्या. मग तू खाली बसलीस, दोरा ओढून माझ्या चारही ओळी उसवल्यास आणि म्हणालीस, "सोड, मी करते." माझे टाके वाकडे नव्हते, आई. हळू होते, एवढंच.

"सोड, मी करते." माझं लहानपण तुझ्या या तीन शब्दांत गेलं. भाकरी थापायला घेतली की पीठ तुझ्या हातात जायचं. सारवायला बसले की शेणाचा बोळा तुझ्या हातात. लोकांना वाटायचं, काय मायाळू आई आहे, पोरीला काम करू देत नाही. पण आलेल्या-गेलेल्याला तूच सांगायचीस, "हिच्या हातून एक काम पुरं होत नाय." बारावीनंतर मला डीएड मिळालं तेव्हा तरी वाटलं होतं की हे पुरं करीन. पहिलं वर्ष झालं, स्थळ आलं, आणि तुम्ही लग्न उरकलंत. मी म्हटलं, एकच वर्ष राहिलंय, थांबा. तू म्हणालीस, "नोकरीवालं स्थळ थांबतंय होय?" ठीक आहे, केलं लग्न. पण पुढे माझ्याच मुलीच्या बारशाला, माझ्या सासूसमोर, तू काय म्हणालीस? "डीएडला घातली व्हती, पन तिच्यानं झालं नाय." मी पाटावर मुलीला घेऊन बसले होते. मान वर केली नाही. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं, असं आता वाटतं.

भातसानगरच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी गोधडी घातली ती याच रागातून. यांची धरणावर नोकरी, मी सकाळी कॉलनीतल्या बालवाडीत, बारानंतर मोकळी. गोधडीची गरज कुणालाच नव्हती, दुकानात सोलापुरी चादरी मिळत होत्या. पण मला एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं करून बघायची होती. पहिल्या वर्षी काहीच जमलं नाही. ठिगळं कापून ठेवली आणि गाठोडं पलंगाखाली गेलं. महिन्यातून एकदा बाहेर काढायचं, सगळं घरभर पसरायचं, ढीग बघून जीव दडपायचा, परत बांधायचं. तू म्हणतेस तशीच आहे मी, असं वाटून रडायला यायचं. बालवाडीतल्या माझ्या जोडीच्या बाईंनी एकदा तो पसारा पाहिला. म्हणाल्या, "अहो, सगळी गोधडी कशाला बघता? आजची ओळ बघा ना."

मग मी नेम केला. ठिगळं रंगाप्रमाणे बिस्किटांच्या तीन डब्यांत लावली आणि एका वेळी एकच डबा उघडायचा असं ठरवलं. सकाळी चहा उकळत असताना सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या, म्हणजे दुपारी दोरा ओवण्याचा कंटाळा आड येणार नाही. मुलगी शाळेतून येईपर्यंतचा पाऊण तास गोधडीचा. त्या वेळात दार वाजलं तरी चटकन उठायचं नाही. वहीत रोजच्या तारखेपुढे किती ओळी झाल्या ते लिहायचं. शून्य असेल तर शून्य. आणि एक युक्ती माझी मीच शोधली होती. ओळ पुरी करून थांबायचं नाही. ओळीच्या मध्येच, सुई कापडात तशीच टोचून उठायचं. पुरी ओळ संपवली की दुसऱ्या दिवशी नवी सुरू करायला हात जड व्हायचा. अर्धी राहिली की ती बोलवायची. माझ्यासारखीनं तीन वर्षं एका कामाला धरून राहणं म्हणजे काय, हे तुला कळणार नाही. तुला कामाला धरून राहावं लागलंच नाही कधी. काम तुझ्या हातून आपोआप व्हायचं.

काठापासून आत, एकेक फेरा करत मी मध्याकडे चालले होते. अर्ध्याच्या पुढे आले होते. शेवटचा फेरा कसा घालायचा, कोणत्या दोऱ्यानं, कोणत्या दिवशी, सगळं ठरलं होतं. मुलीची वार्षिक परीक्षा संपली की मधला चौकोन लाल दोऱ्यानं भरायचा. मग ती गोधडी घेऊन गावी यायचं आणि काही न बोलता तुझ्यासमोर पसरायची. हो, तुझ्यासमोरच. कुणासाठी केली असं तुला वाटलं?

मग माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन निघालं. कल्याणच्या दवाखान्यात अकरा दिवस. मुलीसाठी आणि यांच्या डब्यासाठी तू आलीस, मुरबाडहून शहापूर, शहापूरहून कॉलनी, दोन एसट्या बदलून, डोक्यावर तांदळाचं बोचकं घेऊन. तुझे उपकार मी विसरले नाहीये. त्या उपकारांमुळेच तर इतकी वर्षं तोंड बंद राहिलं.

घरी आले तो दिवस. पोटाला हात धरून पायरी चढते. मुलगी धावत येते, "आई, डोळे मिट, आजीनं गंमत केलीय." हे हसतायत. मला पलंगाजवळ नेतात. पलंगावर गोधडी. धुतलेली, उन्हात वाळवून घडी घातलेली. तू पुढे होऊन ती झटकून उलगडलीस आणि मी पाहिलं, मधला चौकोन भरलेला होता. पांढऱ्या दोऱ्यानं.

"हे कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला पाह्यजे? तीन वरसं झाली, हितंच अडकून व्हती. सुई तशीच टोचून टाकून दिली व्हतीस, गंजली असती. मी म्हटलं, पडून हाय, पुरी करून टाकू. नऊ दिवसांत केली."

नऊ दिवसांत. मी टोचून ठेवलेली सुई बघून तुला वाटलं मी टाकून दिलं. ती सुई म्हणजे मी परत येणार होते, आई. वही शेजारीच होती. तुला वाचता येत नव्हतं, मान्य. पण माझ्या मुलीला येत होतं. तिला विचारलं असतंस, नाहीतर दवाखान्यात रोज डबा घेऊन येणाऱ्या जावयाच्या हाती एक निरोप धाडला असतास, की गोधडीला हात लावू का? तेवढं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझी कोणतीही गोष्ट तुझ्या लेखी कधी माझी नव्हतीच.

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. "माझ्या घरात माझ्या वस्तूला परत हात लावायचा नाही." हे ओरडले, "अगं, आईशी कशी बोलतेस?" मुलगी रडायला लागली. तू आत जाऊन पीठ मळायला घेतलंस. आणि मी, पोटाचे टाके ओले असताना, जमिनीवर बसले, ब्लेड घेतलं आणि तुझ्या डोळ्यांदेखत उसवायला लागले. एक फेरा उसवला, दुसरा घेतला. तू पिठाचे हात घेऊन उंबऱ्यात आलीस. मला वाटलं आता तरी काहीतरी म्हणशील. चुकलं म्हणशील, नाहीतर मला मूर्ख तरी म्हणशील. तू म्हणालीस, "सावकाश उसव. कापड फाटंल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तू गेलीस. आठवडाभराचं पीठ दळून, चटणी कुटून ठेवून गेलीस.

नंतर दीड वर्ष तू होतीस. मी दोनदा गावी आले. आपण भाताबद्दल बोललो, नाचणीबद्दल बोललो, भावाच्या नव्या बैलांबद्दल बोललो. गोधडीचं ना तू काढलंस ना मी. मग पावसाळ्यात तू पडवीत बसल्या जागी गेलीस. दहाव्याला वहिनी मला म्हणाली, "आत्या सगळ्यांना सांगायच्या, माझी लेक माझ्यासमोर उसवत बसली म्हणून. हसून हसून सांगायच्या." मी विचारलं, आणखी काय म्हणायची? वहिनी म्हणाली, "काय नाय. तेवढंच." मी तिथेच पेटले. मी दीड वर्ष आतल्या आत जळत होते, तुझ्याशी बोललेला शब्द रोज आठवून झुरत होते, आणि तू पडवीत ते गमतीनं सांगत होतीस! त्या दीड वर्षात तू आणखी दोन गोधड्या शिवल्यास, हेही वहिनीनंच सांगितलं. तुझा हात एक दिवस अडला नाही. माझा मात्र आठ महिने अडला. वहीसुद्धा उघडली नाही. मग पहिल्यापासून सगळं परत, पाऊण तास, सहा सुया, वहीतली शून्यं. तीस-चाळीस शून्यं एकाखाली एक आहेत त्या वहीत. ती कुणी लिहायला लावली, सांग.

परत सुरू केलं मी. कुणाच्या धीर देण्यानं नाही, तुझ्यावरच्या रागानंच. आज माझ्या नऊ गोधड्या झाल्यात, सगळ्या मीच घातल्या, मीच संपवल्या. गुडघे दुखतात म्हणून आता पलंगावर बसून शिवते. नेम तोच. कॉलनीतल्या पोरी विचारतात, मावशी, तुम्हाला कंटाळा नाही येत? मी सांगते, रोज येतो. कंटाळ्याला विचारून कशाला शिवायचं? मुलीला गोधडी शिकायची नव्हती, ती तिकडे ऑफिसात रमली, मी बळजबरी केली नाही. आणि तिची भाजी जळत असली तरी तिच्या हातातून कालथा घेत नाही, ओठ दाबून उभी राहते. हे मी तुझ्याकडून शिकले, उलटं करून.

आता जे राहिलंय ते सांगते आणि मग हे कागद फाडून चुलीत घालते, कारण हे कुणाच्या हाती पडलेलं मला चालणार नाही. त्या पहिल्या गोधडीचे मी फक्त दोनच फेरे उसवले, आई. त्या दुपारचे. पुढे सगळं उसवायचं म्हणून कितीदा ब्लेड घेऊन बसले. तुझे टाके तांदळाच्या दाण्यासारखे एका मापाचे, नऊ दिवसांच्या घाईतसुद्धा. हात धजला नाही. ते दोन फेरे परत घातले आणि आतला चौकोन तुझाच ठेवला. तू गेल्यावर पाच-सहा वर्षांनी शहापूरला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथे मी ती गोधडी टांगली. चिठ्ठीवर एकटीचं नाव लिहिलं. बघायला आलेल्या बाई जाणकार होत्या, चष्मा लावून काठापासून हात फिरवत आल्या, बरोबर मधल्या चौकोनावर थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे तुमचा हात खरा बसलाय."

मी म्हटलं, "हो, शेवटी शेवटी सवय झाली."