छापून न आलेलं

१७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आता कुरकुरत नाही, तीच कुरकुरते. भांडणानंतर तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

माझं लायब्ररीतलं काम तुला माहीत आहे. डॉक्टरमंडळी एखाद्या औषधावरचे सगळे अभ्यास एकत्र मांडून निष्कर्ष काढतात. ते अभ्यास शोधून द्यायचे मी. छापलेले सहज मिळतात. जीव जातो तो न छापलेल्यांपायी: प्रबंध, परिषदेतली टिपणं, थाटात सुरू होऊन पुढे कुठेच न उगवलेले प्रयोग. आम्ही त्याला ‘ग्रे लिटरेचर’ म्हणतो. ते शोधावंच लागतं. चांगला निकाल लोक हौसेनं छापतात, वाईट निकाल कपाटात पडून राहतो.

या वेळचं औषध म्हणजे धुळीच्या ॲलर्जीची गोळी. तुमच्या गोदीतल्या दवाखान्यात वाटतात तीच.

छापलेल्या अभ्यासांत तिचं नुसतं कौतुक. मग एका जुन्या परिषदेच्या टिपणांत अर्धं पान सापडलं. ते लिहिणाऱ्या डॉक्टरबाई आता निवृत्त आहेत. मी मेल केला, तर त्यांचा फोनच आला. आधी विचारलं, “कोणी पाठवलंय तुम्हाला?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ज्यांची नाडी मुळातच मंद, त्यांतले काही जण उभ्याउभ्या कोसळले. मी बोलले, तर कंपनीनं प्रयोगच गुंडाळला. छापायची मनाई केली. तुमचं कोणी घेतं का ही गोळी?”

तू घेतोस, दादा. आणि तुझी नाडी लहानपणापासून मंद.

तुला फोनवर सांगितलं तर हसलास, आणि तिथूनच आपलं वाजलं. “अर्ध्या पानाला घाबरून वर क्रेनच्या केबिनमध्ये शिंकत बसू?” तसं तुझं अगदीच चूक नव्हतं. अभ्यास लहान, कुणी तपासलेला नाही. आमच्या मॅडमही म्हणतात, एवढ्यावरून काही ठरवू नकोस. पण त्यांचा भाऊ हवेत बसून लोखंडी पेट्या उचलत नाही. मला जेवण जात नाही. रस्त्यात क्रेन दिसली तरी मी पलीकडच्या बाजूला जाते.

खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. दादा, आज सकाळी मी तुझ्या सुपरवायझरला फोन केला. नाडी, गोळी, सगळं सांगितलं. हृदयाची तपासणी होईपर्यंत तुला वर चढू देणार नाहीत. वहिनीला यातलं काही ठाऊक नाही, तिच्यावर चिडू नकोस.

माझं चुकलं असेल तर तुझी नोकरी जाईल. बरोबर असेल तर... ते मला लिहवत नाही.

बोलला नाहीस तरी तुझीच,
चिमी

२४ फेब्रुवारी

चिमे,

भयंकर चिडलो होतो. चारचौघांत खाली उतरवलं मला. पत्र फाडणार होतो, हिनं हातातून काढून घेतलं.

काल तपासणी झाली. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख दोनदा पाहिला. मग म्हणाले, “गोळी आजपासून बंद. कधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती?” मी नाही म्हणालो, आणि बाहेर येऊन हिच्यासमोर रडलो. आली होती गं. पेटी हवेत, खाली माणसं. भानावर आलो तेव्हा हात तसाच दांड्यावर होता. डुलकी लागली असेल, अशी मनाची समजूत घातली होती. हिनं मला परत आत नेलं, खरं बोलायला लावलं.

नोकरीचं अजून काही कळलेलं नाही. भीती त्याची नाही. माझ्या जागी जो चढलाय, तोही तीच गोळी घेतो. त्याची नाडी कशी आहे, कुणाला माहीत? सांगायला गेलो तर म्हणाला, “तुझ्या बहिणीचं वाचन तुझ्यापाशीच ठेव.” आणि हसला. अगदी माझ्यासारखाच हसला.

तुला जे सापडलं ते साध्या भाषेत लिहून दे, त्या बाईंचं म्हणणंही. मी सगळ्यांना वाचून दाखवतो. मेलच कर, टपालाची वाट बघवणार नाही. तोवर रोज इथे क्रेनच्या खाली येऊन उभा राहतोय, मान वर करून.

तुझा,
जमिनीवर असलेला दादा