हाताचा वास

चिमीच्या आईस,

दर पत्रात तुला आशीर्वाद लिहितो, या वेळी नमस्कार लिहितोय. का ते खाली कळेलच.

माझी तब्येत छान आहे. खोकलाही जवळजवळ गेला. चिमीचा हलणारा दात पडला का? आईचा गुडघा काय म्हणतो?

रविवारी खोलीवर रांधायची पाळी माझी होती. सोबतच्या वेल्डरने मोबाइलवर बघून हुकूम सोडला, कॅरिबियन पद्धतीचा पास्ता कर. म्हणजे नारळाचं दूध आणि क्रीम घातलेला दाट, झणझणीत रस्सा, त्यात कोळंबी. दोन किलो कोळंबी मी एकट्याने सोलली. पाठीतला काळा दोरा काढता काढता बोटं सोलवटली, कंबर धरली. पण पास्ता असा जमला की सगळ्यांनी ताटल्या चाटूनपुसून साफ केल्या. हसू नकोस, खरंच.

मी मात्र तीनदा साबण लावून जेवायला बसलो, तर वेल्डर म्हणाला, "जरा लांब बस रे, हाताला वास येतोय."

सगळे हसले. मीही हसलो, पण घास उतरेना. हेच मी तुला म्हणायचो. तेही पाहुण्यांसमोर, तूच केलेली कोळंबी ओरपत. लिहितानाही मान वर होत नाहीये.

तू ताट उचलून आत जायचीस. आत गेल्यावर जेवायचीस का गं? मी कधी उठून बघितलंच नाही.

तुझा,
चिमीचा बाबा