गिरणीवाल्याची भाकरीबंदी

१२ नोव्हें.
अकरा किलो उतरले. लोकांना नुसते किलो दिसतात, खरी किंमत इथे लिहून ठेवतो. चार महिने भाकरी नाही, भात नाही, डाळ नाही, दुधाचा चहा नाही. बदाम चावता चावता डावीकडची एक दाढ गेली. रविवारी सगळ्यांसमोर मसाला डोसा आणि माझ्यासमोर आमलेट, लग्नाला आलेल्या परक्या माणसासारखा. शिवाय दिवसभर दुसऱ्यांची ज्वारी, गहू, नाचणी दळायची, वास घ्यायचा आणि घरी येऊन अंडी.
साखर मात्र खाली आली. एक गोळी बंद झाली. दिवाळीच्या भाजणीची गर्दी संपली, आता बसून लिहायला फुरसत.

१६ नोव्हें.
केतकी आणि जावईबापू शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, के. आर. पुरमहून आले. निखिलराव कॉम्प्युटरवाले, पुण्याचे. हे सगळं खूळ त्यांचंच. आज पुन्हा तेच. "बाबा, आपली बॉडी अजून गुहेतलीच आहे. शेती काय, कालपरवाची गोष्ट. धान्य आपल्याला सूटच होत नाही."
म्हटलं, "त्या गुहेवाल्याचं सरासरी वय किती हो?"
"लहानपणी मरायचे म्हणून सरासरी कमी दिसते. जे वाचले ते म्हातारे व्हायचे."
उत्तर तयार असतं पोराकडे. आवडतो मला.
बायकोने, सु.ने, मटणाचं सूप, कोबी, उकडलेली अंडी केली. तिच्याही ताटात तेच. म्हटलं, तुझ्यापुरता भात लाव की. "एका माणसाचा भात काय लावायचा, दाणे मोजून?" चार महिने हेच उत्तर. पहिल्यापासून आमच्याकडे एकच भांडं, एकच स्वयंपाक.

२३ नोव्हें.
आज नारायणप्पाने नाक कापलं. बावीस वर्षं माझ्याकडे, गिरणीचा अर्धा मालक तोच. दळण उतरलं की मी चिमूट घेतो, बोटात चोळतो, जिभेवर टाकतो. जाड की बारीक, दगड तापला की नाही, सगळं कळतं. हमाली सोडून पहिल्यांदा दगडापाशी उभा राहिलो तेव्हापासूनची सवय. नारायणप्पा शांतपणे म्हणाला, "अण्णा, सकाळपासून एकतीस चिमट्या झाल्या. स्वल्प स्वल्प करून एक भाकरी झाली."
म्हणजे चार महिने मी उपाशीपोटी पीठ खातोय! निखिलरावांना सांगायचं नाही.

४ डिसें.
मराठी मंडळात बोलावलं होतं, "आदिमानवाचा आहार आणि मी". हॉल भरलेला. शुद्ध बोलणारे पुणेकर पुढे, आमच्यासारखे जुने, कन्नड मिसळून बोलणारे, मागे. मागून एक आजोबा, "मग गिरणी विकणार का?" खूप हशा.
एका बाईंनी विचारलं, तुमच्या मिसेसनाही हे सूट होतंय का, त्या काही बोलत नाहीत. मी म्हटलं, "बाई, पलीकडच्या खोलीतून आवाज ऐकून सांगतो दगड कुठे घासतोय ते. चौतीस वर्षं संसार केलेली बायको न बोलता कळणार नाही?" टाळ्या. सु. दुसऱ्या रांगेत, मान खाली घालून हसत होती.
घरी येताना रिक्षात डोळे मिटून बसली. दमली असेल.

१९ डिसें.
केतकी फोनवर उत्साहात. ती निखिलशी वाद घालायला वाचत बसते. म्हणाली, "पप्पा, खूप जुने दगड सापडलेत, शेतीच्याही आधीचे. त्यांच्यावर रानगवताच्या दाण्यांचं पीठ चिकटलेलं. लोक दळत होते!"
दोनदा विचारलं, नक्की? नक्की.
म्हणजे शेती नव्हती तेव्हा गिरणी होती. आदिमानव माझ्याच धंद्यातला! गिरणीत सगळ्यांना सांगितलं. एक गिऱ्हाईक, नेहमीचं, "गव्हावरच गहू टाका, मागे नाचणीचं पीठ आलं" म्हणून भांडायला आलेलं, ते म्हणालं, "तेव्हाही असंच मिसळून देत होते का?" सरी, बरोबर, म्हटलं, तेव्हाही तुमच्यासारखे होते.
तरी भाकरी खाल्ली नाही. साखर खाली आहे, कशाला डिवचा.

६ जाने.
सु. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली. विचारलं तर "कुठे काय, पिशवी जड होती." पिशवीत कोथिंबीर होती.
शेजारच्या दुकानातल्या दोघी तिच्याकडे बघून कुजबुजल्या, "अक्का किती बारीक झाल्या." माझे कान तिखट, ऐकलं. छाती फुगली. आहाराचं कौतुक वाटलं मला.

१४ जाने.
संक्रांत. घरोघर एळ्ळु-बेल्लाची, म्हणजे इथल्या तीळगुळाची, पाकिटं. सु.ने कुणाकडे जायचं टाळलं. तोंडाला चव नाही म्हणाली, लोखंड चाटल्यासारखं लागतं. माझ्या चपला घालून दारापर्यंत आली. तिच्या तिला होत नाहीत. मी म्हटलं, वा, नवऱ्याच्या पावलावर पाऊल! हसली.
सणाला आलेल्या केतकीने मात्र खाली बसून आईचा पाय दाबला. बोटाचा खड्डा तसाच राहिला. भरेना.

१७ जाने.
सु.च्या रक्ताचा रिपोर्ट. क्रिएटिनिन... आकडा लिहीत नाही. लॅबमधल्या मुलीने पाकीट देताना माझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हाच समजलं.
जुनी फाइल काढली. दोन वर्षांपूर्वीचा कागद. "लघवीतून प्रोटीन जात आहे. बी. पी. सांभाळा. मांसाहार बेताने." खाली तारीख माझ्या हाताची. मीच फाइल केला होता. मग जुलैमध्ये माझी साखर वाढली आणि घर माझ्या साखरेमागे लागलं. तिचा कागद कोणी उघडलाच नाही. सकाळ-संध्याकाळ मटण, अंडी, मासे. माझ्या भांड्यातून.

२१ जाने.
किडनीचे डॉक्टर. म्हातारे, हळू बोलतात, कन्नडमध्ये सांगतात, मग इंग्रजीत. मी सरळ विचारलं, हे माझ्या आहाराने झालं का?
"आजार आधीपासून आहे. आहाराने घाई केली असेल. किती, ते मला सांगता येणार नाही. कोणालाच येणार नाही."
मग आदिमानवाबद्दल विचारलं. चष्मा काढला. "कुठला आदिमानव? समुद्राकाठचा मासे खायचा, थंडीतला मांस, रानातला कंद. मिळेल ते खायचा. तुमची साखर उतरली कारण तुम्ही वजन उतरवलंत, पाच भाकऱ्या सोडल्यात. ते चांगलंच केलंत. पण त्यांच्यात किडनीचा पेशंट काय खायचा, ते मला विचारू नका. त्याचं क्रिएटिनिन कोणी तपासलं नव्हतं."
सु. हसली. तिला विनोद कळला, मला हसता येईना.
"परत सुधारेल?" "सांभाळू. परत मागे नाही येणार."

३० जाने.
आता तिला भात चालतो. थोडी भाकरी चालते. मटण बंद, मीठ बेताचं, बटाटा उकळून पाणी फेकून. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात दोन भांडी. तिचं मी लावतो. मूठभर तांदूळ.
खरंच दाणे मोजल्यासारखे दिसतात.
दोन घास खाते, बाजूला ठेवते. "वाईट नाही झालं हो. मला जात नाही."
ज्वारी स्वतः दळून आणली, ज्वारीवरच, आधी पायलीभर दुसऱ्याची उतरवून, म्हणजे भेसळ नको. मऊ भाकरी केली, केतकीला फोनवर विचारत. तीही ताटात राहिली.

९ फेब्रु.
निखिलराव आले. सोफ्याच्या कडेला बसले, इंटरव्ह्यूला आल्यासारखे. "बाबा, मी आईंचा विचारच केला नाही. मला वाटलं तुमचंच डाएट आहे."
म्हटलं, माझंच होतं.
बिचाऱ्याने तेव्हापासून भात सुरू केलाय म्हणे. त्याने काय होणार. त्याची किडनी चांगली आहे, त्याने काहीही खावं.
आतून सु.चा आवाज, "जावयांना चहा विचारला का? दुधाचा करा." आमच्या घरी आता दूध येतं.

१८ फेब्रु.
पुन्हा रक्त. आकडा वर. डॉक्टर म्हणाले हाताची शीर तयार करून ठेवू, छोटं ऑपरेशन, पुढे डायलिसिस लागलं तर सोपं जाईल. "लागलं तर" म्हणताना केतकीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.
सु.चं एकच, "डावा हात घ्या. उजव्याने पोळ्या लाटायच्या असतात."
कोणासाठी लाटणार. 

२५ फेब्रु.
गिरणीत गेलो, उगाच. माझं वजन तीन किलो परत चढलंय, मी काहीच पाळत नाही, काहीच चवीने खात नाही. ऑपरेशनची तारीख अजून दिलेली नाही. 
दुपारी दळण नव्हतं. नारायणप्पाला म्हटलं, अरे, मला कळलं कसं नाही. तो छिन्नीने दगडाला टाकी लावत होता. छिन्नी बाजूला ठेवली. म्हणाला, अक्कांनी शपथ घातली होती, अण्णांना सांगायचं नाही, आता कुठे पथ्याने जेवतायत, कळलं तर बंद करतील.
दिवाळीच्या आधीच पाय सुजून तिच्या बोटांत जोडवी रुतली होती. गिरणीच्या मागच्या खोलीत त्याने ती पक्कडीने कापून काढली. दोन्ही पायांची. मी पुढे बसलो होतो.