सिनेमातली हाक

घोडबंदर रोड, ठाणे

प्रिय मधु,

बरोबरीच्या नात्याने नमस्कार.

माझी तब्येत उत्तम, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे? मी नाही म्हणून विहिरीवर जात असशील, तर जाऊ नकोस.

आपल्या अनिमेषच्या प्रेमपटात मी नायिकेचा बाप झालोय, हे तू देवरुखभर सांगितलंच असशील. काल ती भूमिका हातची जाता जाता राहिली.

प्रसंग साधा होता. मी पेपर वाचतोय, माझी बायको झालेल्या सरोजताई "सुदेश, चहा" म्हणतात आणि मी वर बघतो. मला सोपं जावं म्हणून अनिमेषने पात्रालाही माझंच नाव दिलंय. तरी दर वेळी माझं डोकं पेपरातच.

शेवटी तो म्हणाला, "काका, ऐकू येत नसेल तर मी दुसरा बाप बघतो."

मी भडकलो. "बायकोने नवऱ्याला नावाने हाक मारावी, यावर मी कल्याणपासून कोल्हापूरपर्यंत भाषणं दिलीत."

"मग एकदा ऐका की," सरोजताई वैतागल्या. "अहो, चहा गार होतोय."

पेपर आपोआप खाली गेला आणि तोंडून निघालं, "आलो गं, मधु."

सगळे हसत सुटले. अनिमेषने तोच शॉट ठेवला. सिनेमात आता सरोजताईंचं नाव मधु आहे.

माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पुढच्या आठवड्यात येतोय, तेव्हा दारातूनच मला नावाने हाक मार. मी वळलो नाही, तर मात्र नेहमीची मार.

तुझा,
सुदेश