एकशे बाराव्या पानावरची ओळ

ता. ९ फेब्रुवारी २०२५, रविवार
नदीकाठचा कॅम्प, आसाम

दीपिका ताई,

नमस्कार. मी बरा आहे, तू पण बरी असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू बरी नायस ते मला ठाऊक आहे. बारा दिवस फोन बंद ठेवलास म्हणून कागद घेतला. आपल्या पाड्यावरचा प्रदीप आज चारच्या गाडीने सुट्टीवर निघतोय. बोईसरला उतरला की सरावलीत तुझ्या नि रूपालीच्या खोलीवर येऊन हे तुझ्या हातात देईल. सोबत चहाचं पुडकं आहे, ते आयसाठी. पत्र आयला वाचून दाखवू नको.

इथे थंडी आहे. नदीवर दहा वाजेपर्यंत धुकं असतं. जेवणात बटाटा, बटाटा आणि बटाटा. बातम्या संपल्या.

आता भांडतो.

रूपालीने मला सगळं सांगितलं. तिच्यावर चिडू नको, फोनवर मी इतका तापलो की तिला बोलावंच लागलं. तुला कुणी नापास केलं नाय. दोन परीक्षकांनी तुझा प्रबंध वाचून पास केला होता, फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. आणि तू स्वतःच्या पायांनी तुझ्या सरांकडे जाऊन सांगितलंस की एकशे बाराव्या पानावरची एक ओळ चूक आहे. सर म्हणाले, कुणाच्या ध्यानात आलेलं नाय, परीक्षा देऊन टाक, मागाहून एखाद्या लेखात नीट कर. तू म्हणालीस, माझ्या ध्यानात आलंय. प्रबंध मागे घेतलास, बॅग भरलीस आणि घरी आलीस. आता तारापूरच्या औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं सरळ जातात का ते बघत उभी राहतेस.

एक ओळ, ताई! दोनशे पानांत एक ओळ! सहा वर्षं त्या संस्थेत काढलीस. आपल्या पाड्यावरून तिथवर कोण पोचलं होतं? मासवणला लोक काय बोलतात ते ऐकायचं आहे? पारू काकी आयला म्हणाली, "एवढी शिकवली नि परत आली. बकरी भिंतीला ढुशी मारून परत येते तशी." आय बिचारी फोनवर मलाच विचारते, "पोरीचं तोंड उतारलं हाय, काय सांगत नाय. कुणी पोरगा सोडून गेला का तिला?" मी काय सांगू? पोरगा नाय आय, आकडा सोडून गेला?

इथे कॅम्पवर मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझी बहीण डॉक्टर होणार. फोरमन म्हणाला, "सुई वाली?" मी म्हटलं, नाय, जे दिसत नाय त्याची डॉक्टर. तो म्हणाला, "तो सीधा बोल ना, ओझा है!" ओझा म्हणजे आपल्याकडचा भगत. सगळे हसले, मी पण हसलो. पण त्या हसण्यात मला मान होता. तो तू एका ओळीसाठी आपल्या सूर्या नदीत बुडवलास.

सूर्येवरून आठवलं. गेल्या मे महिन्यात आपण नदीवर बसलो होतो. मी जाळं शिवत होतो. सातपाटीच्या बोटीवर दोन हंगाम काढले, त्यात तेवढंच शिकलो. मी तुला विचारलं, "इलेक्ट्रॉन म्हणजे बारकी गोळी ना? आठवीच्या पुस्तकात चित्र होतं."

तू म्हणालीस, "गोळी नाय रे. सगळीकडे पसरलेलं एक क्षेत्र आहे. ते जिथे थरथरतं तिथे आपण म्हणतो, इलेक्ट्रॉन आला."

"पाण्यात मासा उसळतो तसा?"

"मासा पण नाय. नुसतं पाणीच उसळतं. आत मासा नाहीच."

"म्हणजे एवढी वर्षं तू बिनमाशाच्या पाण्यात जाळं टाकतेस?"

तू इतकी हसलीस की पलीकडे कपडे धुणाऱ्या बाया बघायला लागल्या. मग माझ्या हातातलं जाळं घेऊन तू समजावलंस. हिशोब करायला बसलं की उत्तर अमर्याद येतं. मग शास्त्रज्ञ अमर्यादातून अमर्याद वजा करतात, आणि जे उरतं ते प्रयोगाशी दहा-दहा आकड्यांपर्यंत जुळतं. मी म्हटलं, जुळतं ना, मग झालं की. तू म्हणालीस, "जुळतं. पण आपल्या खऱ्या जगासाठी हे गणित मुळात उभं राहतं का, ते अजून कुणी सिद्ध केलेलं नाय. मी त्याच्या एका छोट्या, सोप्या नमुन्यासाठी सिद्ध करतेय." त्यासाठी तू मोकळ्या जागेच्या ऐवजी जाळं धरतेस, त्यावर हिशोब करतेस, मग जाळ्याची भोकं बारीक, आणखी बारीक, आणखी बारीक करत नेतेस. शेवटपर्यंत हिशोब हाताबाहेर गेला नाय तर जिंकलीस. मला जेवढं कळलं तेवढं हे.

आणि रूपाली म्हणाली की एकशे बाराव्या पानावर तू लिहिलंस, हा एक आकडा भोकं कितीही बारीक केली तरी तेवढाच राहतो. तो तेवढाच राहत नाय. वाढतो. अगदी हळू, पण वाढतो.

वाढू दे ना! कुणाच्या डोक्यावर पडणार होता तो? तुझ्या त्या आकड्याने कुणाचं घर कोसळलं असतं? कागदावरची चूक कागदावर राहते. कागदावरून बस जात नाय, शाळेची पोरं जात नायत.

बाहेर जाऊन आलो. प्रदीप विचारत होता, पत्र झालं का. अजून नाय म्हटलं.

आमचं काम तुला कधी नीट सांगितलं नाय, आता सांगतो. पुलाचे खांब नदीच्या वाळूत उतरवायचे असतात. मशीन तीस मीटर खोल भोक पाडतं. ते ढासळू नये म्हणून त्यात मातीचं दाट पाणी भरून ठेवतात. मग सळ्यांचा पिंजरा सोडतात, आणि मधोमध एक लांब पाइप तळापर्यंत. काँक्रीट त्या पाइपातून खाली जातं आणि मातीचं पाणी वर ढकलत भोक तळापासून भरत येतं. जसं भरेल तसा पाइप वर ओढायचा. पण पाइपाचं तोंड काँक्रीटमध्ये दोन मीटर तरी बुडालेलं पायजे, कायम. बाहेर निघालं तर चिखल आत घुसतो आणि खांबाच्या पोटात थर बसतो. वरून खांब अखंड दिसतो. आतून कापलेला असतो.

काँक्रीट कुठवर आलं ते मोजणारा माणूस मी. टेपला वजन बांधून खाली सोडतो. दिसत काय नाय, हाताला कळतं कुठे टेकलं ते. मी आकडा बोलतो आणि रिद्धी मॅडम वहीत लिहितात. त्या आमच्या इंजिनियर. नवीन आहेत, कडक आहेत, पण माझ्या आकड्यावर कधी शंका घेत नायत. "अंकुश ने नापा है ना? तो लिखो." मला आठवी नापासाला आयुष्यात असं कुणी म्हटलेलं नाय.

पंधरा जानेवारीला, दुपारी, सतरा नंबरचा खांब भरत होतो. इथला बिहूचा सण होता, अर्धी माणसं गावाला गेलेली, उरलेल्यांना पण लवकर सुटायचं होतं. पाच वेळा मी वजन सोडून माप घेतलं. सहाव्या वेळी नाय घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दाबलं नव्हतं. कंटाळा आला. तुला ठाऊक आहे, माझा जीव कशातच टिकत नाय, आश्रमशाळेतून पण त्याच पायी पळालो. अंदाजाने ओरडलो, "साडेतीन मीटर आत!" क्रेनवाल्याने पाइप ओढला. आणि आतून गडगड झालं, वरचं मातीचं पाणी भसकन खाली खेचलं गेलं. पाइप बाहेर निघाला होता.

फोरमनने माझ्याकडे बघितलं. मग पाइप परत खाली दाबायला लावला आणि काँक्रीट चालू ठेवलं. म्हणाला, "नीचे कौन देखने जाएगा?"

मॅडम तेव्हा दुसऱ्या खांबावर होत्या. अर्ध्या तासाने आल्या, "सब ठीक?" फोरमन म्हणाला, "हाँ मैडम." त्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाय. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सहावं माप, साडेतीन मीटर, त्यांनी लिहिलं. खाली मी सही केली.

तपासणी दर खांबाची होत नाय, निवडून करतात. सतरा नंबर निवडला नाय.

आणि ऐक, दोन आठवडे मी मजेत होतो. खोटं लिहीत नाय. जेवत होतो, झोपत होतो, पत्ते खेळत होतो. तीस मीटर खाली, नदीच्या खाली, कोण बघतंय? मग रूपालीचा फोन आला आणि तिने तुझ्या ओळीचं सांगितलं. त्या दिवसापासून माझी तीन जणांशी मारामारी झाली. एकाने नुसतं विचारलं, तुझी दीदी पास झाली का, तर त्याच्या अंगावर ताट फेकलं. मला वाटत होतं मी तुझ्यावर चिडलोय, तू आमची मान खाली घातलीस म्हणून. घंटा! तुला कुणी बघत नव्हतं, कुणी मरणार नव्हतं, दोन परीक्षक पास म्हणाले होते, आणि तरी तू जाऊन सांगितलंस. का सांगितलंस? तू गप्प बसली असतीस तर मी पण गप्प बसलो असतो आयुष्यभर.

तुझं सोपं आहे असं मी स्वतःला सांगून बघितलं. तू सांगितलंस तर तुझंच गेलं. मी सांगितलं तर फोरमनचं जाईल, त्याला तीन मुली आहेत. रिद्धी मॅडमच्या नावाला बट्टा लागेल, आणि त्यांची चूक एवढीच की त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. मला तर हाकलतीलच, कदाचित पोलीस पण. हे सगळं खरं आहे. तरी त्याने खांबातला चिखल जात नाय.

उद्या सकाळी दहा वाजता सोळा ते एकोणीस या चार खांबांवर मिळून काँक्रीटची जाड टोपी ओततील. ती एकदा बसली की सतरा नंबर कुणाला हात लावता येणार नाय. मी उद्या सात वाजता ऑफिससमोर उभा राहणार आणि मॅडमना सांगणार की सहावं माप मी घेतलंच नव्हतं.

पण मला माझा भरवसा नाय, ताई. काल पण ठरवलं होतं. दारापर्यंत गेलो आणि रेंचपाना मागून परत आलो. म्हणून हे तुला लिहितोय. चार वाजता पत्र प्रदीपच्या हातात गेलं की हे ठाऊक असलेलं आणखी एक माणूस जगात असेल. आणि ते माणूस तू असशील. तुझ्यासमोर खोटा उभा राहायची माझी हिंमत नाय.

आता तुझ्यावरचा राग संपला असं समजू नको. खरा राग आता लिहितो.

खांब बाद निघाला तर आम्ही काय करतो ठाऊक आहे? रडत बसत नाय. नदी सोडून घरी जात नाय. बाजूला दोन नवे खांब उतरवतात, टोपी मोठी करतात, पूल पुढे जातो. वेळ जातो, शिव्या बसतात, पण होतं. तू चूक सांगितलीस, तिथवर तू माझ्यापेक्षा शंभर पटीने मोठी. त्यानंतर तू काय केलंस? पळालीस. मी आश्रमशाळेतून पळालो तशीच. सर राहू दे म्हणाले म्हणून त्यांचं तोंड बघायचं नाय, हे मी समजतो. पण तो आकडा हळू वाढतो असं तूच म्हणालीस ना? मग किती हळू, ते मोज. बाजूला खांब उतरवायला तुझ्या गणितात जागाच नाय, असं मला पटवून दे, मग खुशाल पाकिटं मोज. रूपालीला विचारलं, ती म्हणाली प्रबंधाची वही उशाखाली आहे, पण उघडत नाय.

उघड.

फोन चालू कर. हे तुझ्या हातात पडेल तोवर सोमवार होऊन गेला असेल, त्या रात्रीपर्यंत माझा फोन आला नाय तर समज की मी पुन्हा दारातून परत फिरलो. तेव्हा हे पत्र आयला वाचून दाखव, बाबाला दाखव, पारू काकीला पण दाखव. मॅडमचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय. तूच त्यांना फोन कर. माझ्यावर दया करू नको.

शेवटी सही करतो. नुसतं "तुझा भाऊ" लिहून भागणार नाय, वहीत केली होती तशीच पूर्ण करतो.

सहावं माप न घेता सही करणारा,
अंकुश गोमा वरठा